तिसऱ्या हाकेला

माझा धाकटा भाऊ हरवलाय हे मला त्याच्या घरमालकिणीकडून कळलं. शुक्रवारी सकाळी पावणेआठला. मी फ्रिस्कोच्या घरात चहाचा कप बाजूला ठेवून लॅपटॉप उघडत होतो. बाई म्हणाली, "तुम्ही श्रीचे भाऊ यतीन ना? भाड्याच्या फॉर्मवर इमर्जन्सी कॉन्टॅक्ट म्हणून तुमचं नाव आहे." मला आधी रागच आला. दोन वर्षं हा माणूस माझ्याशी एक अक्षर बोललेला नाही. दिवाळीच्या मेसेजला निळ्या टिका येतात, उत्तर येत नाही. आणि इमर्जन्सीला मात्र मी! शहाणाच आहे.

मग तिने पुढचं सांगितलं आणि राग कुठल्या कुठे गेला.

श्रीरंग शेजारच्या लुइझियाना राज्यात लाफायेतच्या युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक आहे, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन करतो. विषय पाणी. त्या गावाच्या पूर्वेला अचाफलाया नावाची दलदल आहे, आपल्याकडच्या एखाद्या छोट्या जिल्ह्याएवढी. पाण्यात उभी झाडं, झाडांमागे आणखी पाणी, वाट म्हणून कुठे नाहीच. श्रीने तिथे जागोजागी पाण्याची पातळी मोजणारे सेन्सर लावलेत. गुरुवारी सकाळी छोटी मोटरबोट घेऊन तो एकटाच रीडिंग घ्यायला गेला. दुपारी धुकं उतरलं. संध्याकाळी तो परतला नाही. शुक्रवारी उजाडता उजाडता सर्च टीमला बोट सापडली, झाडांत अडकलेली, रिकामी. लाइफ जॅकेट बोटीत नव्हतं, म्हणजे ते त्याच्या अंगावर असणार. तेवढाच काय तो आधार. फेब्रुवारीतलं पाणी. टीमचा माणूस मला फोनवर स्पष्टच म्हणाला, "शनिवार संध्याकाळपर्यंत आशा धरायला हरकत नाही."

माझी बायको यामिनी म्हणाली, "आईंना कळवायचं का?" म्हटलं, खबरदार. आई चिपळूणला एकटी. सापडला की सांगू, नाही सापडला तर... जाऊ दे. मी गाडी काढली. सात तास ड्राइव्ह केलं, एकदा पेट्रोलला थांबलो तेवढंच.

आमचं भांडण कशावरून, तेही सांगून टाकतो. बाबा गेले तेव्हा मी गेलो नाही. माझा व्हिसा रिन्यूअलमध्ये होता. देशाबाहेर पडलो असतो तर स्टॅम्पिंगला किती महिने लागले असते देव जाणे. घर, नोकरी, लेकीची, अनिकाची, शाळा. माझं सगळं बरोबर होतं, कुठल्याही वकिलाला विचारा. श्रीचंही तेच होतं, पण तो बाबा हॉस्पिटलात असतानाच गेला. थोरला असताना धाकट्याने अग्नी दिला. मग साडेचार महिने तिकडेच अडकला, इथली पहिली फेलोशिप हातची गेली, आणि परत आला तो माझ्याशी न बोलायचं ठरवूनच आला. मीही म्हटलं, नको बोलूस, माझं काय अडलंय!

माझं काय अडलं होतं ते मला त्या सात तासांत कळलं.

शुक्रवारी उरलेला दिवस मी बंधाऱ्यावर उभं राहून काढला. शनिवारी सकाळी सातला टीमच्या एका बाईंनी मला मूटाँ बंधूंच्या बोटीत बसवलं. त्या मुलखात कुणी पाण्यात हरवलं की गावातले लोक आपापल्या बोटी घेऊन निघतात, कुणी बोलवायला लागत नाही. ओव्हीड आणि अल्से हे दोघे साठीच्या घरातले भाऊ, क्रॉफिश, म्हणजे तिथली गोड्या पाण्यातली झिंगी, पकडणारे. बोलणं इंग्रजी, पण त्यातून जुनी फ्रेंच डोकावते. ओव्हीड मागे मोटरपाशी, अल्से पुढे टोकाला बांबू घेऊन, मधल्या फळीवर मी. निघून पाच मिनिटं झाली नाहीत तोच अल्से मला म्हणाला, "मागच्याला सांगा, डावीकडे घे."

मागचा तीन हातांवर होता. त्याने ऐकलंच होतं. तरी बोट हलेना. मी वळून म्हटलं, "डावीकडे घ्या." तेव्हा त्याने घेतली.

"अकरा वर्षं झाली, आम्ही बोलत नाही," ओव्हीड म्हणाला.

"आणि रोज एका बोटीत?"

"मग? भाऊ आहे."

कशावरून बिनसलं म्हणून विचारलं तर ओव्हीडला आठवत नव्हतं, आणि अल्से म्हणाला, त्यालाच विचारा. एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी मान खाली घालून बसलो.

धुकं इतकं की अल्सेच्या बांबूचं टोक दिसत नव्हतं. झाडांवरून करड्या शेवाळाच्या जटा लोंबत होत्या. पाणी काळं आणि हलत नव्हतं, बोट गेली की मागे लगेच मिटायचं. आवाजांची तर गंमतच होती, दुसऱ्या बोटीतलं खोकणं कानाशी आल्यासारखं वाटायचं आणि आपलंच बोलणं लांबून यायचं. मला तिथलं काहीच आवडलं नाही. एक पाखरू बोललं असतं तरी बरं वाटलं असतं.

शोधायची पद्धत ठरलेली होती. ठरावीक अंतरावर इंजिन बंद करायचं. एकदा जोरात हाक मारायची, "श्री!" मग मिनिटभर गप्प राहून कान द्यायचा. उत्तर नाही आलं की पुढे. सगळ्या बोटी तसंच करत होत्या. धुक्यात कुठून कुठून हाका येत होत्या, प्रत्येक ठिकाणी एकच. एक हाक, मग शांतता. एक हाक, मग शांतता.

दोन तास मी ते ऐकलं. चिडचिड होत होती आणि कशाची ते कळत नव्हतं. आणि मग एकदम कळलं.

"तो ओ देणारच नाही!" मी मराठीतच ओरडलो.

दोघे माझ्याकडे बघत राहिले. त्यांना इंग्रजीत सांगताना माझी जीभ अडखळत होती. आमच्या कोकणात एक आहे. तिन्हीसांजेला, रानात, पाण्यावर, माणूस दिसत नसताना हाक आली, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. तीनदा आली तर ते माणूस. 'ते' एकदाच बोलावतं, आणि बोलावतं ते आपल्या माणसाच्या आवाजात. ओ दिली की त्याच्या मागे जावं लागतं. आईने आम्हाला हे भरवता भरवता शिकवलं. मी मोठा होता होता विसरलो. श्री विसरला नाही. शाळेत हजेरीला हा गाढव तिसऱ्यांदा नाव घेतल्यावर 'हजर' म्हणायचा आणि रोज छड्या खायचा. पीएचडी झाली तरी फोन तिसऱ्या कॉललाच उचलतो. आणि ही सगळी भली माणसं काल दिवसभर त्याला एकेक हाक मारून पुढे जात होती.

मला वाटलं हसतील. कुणी हसलं नाही.

"आमची आजीही असलं काही बोलायची," अल्से हळूच म्हणाला. मग माझ्यामार्फत न सांगता त्याने नुसता हात वर केला आणि ओव्हीडने इंजिन बंद केलं.

मी उभा राहिलो. बोट डुगडुगली. घसा खरवडून ओरडलो, "श्री!"

काही नाही.

"श्री!"

तिसरीसाठी श्वास आत घेतला तोच डावीकडून, झाडांच्या आतून, हाक आली.

"दाद्या!"

श्रीचा आवाज. शंभर टक्के श्रीचा. दाद्या मला जगात तो एकटा म्हणायचा, तेही इंजिनिअरिंगला जाईपर्यंत. मग दादा झालो, मग काहीच नाही. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला आणि डोळे भरून आले, दोन्ही एकदम.

नियम मला ठाऊक होता. दोन मिनिटांपूर्वी मीच सांगितला होता. एकच हाक आली होती, थांबायला हवं होतं. पण त्याला पाण्यात दोन दिवस झालेत, त्याच्या अंगात एकाच हाकेपुरतं बळ उरलं असेल तर? आणि दुसरं सांगतो, जे मी यामिनीलाही सांगितलेलं नाही. बाबा गेले त्या दिवशी हॉस्पिटलमधून त्यांचा व्हिडिओ कॉल आला होता. मी मीटिंगमध्ये होतो. म्हटलं, दहा मिनिटांत करतो, आणि कट केला. दहा मिनिटांनी केला तेव्हा श्रीने उचलला. त्या माणसानेही मला एकदाच बोलावलं होतं.

"ओ!" मी जीव खाऊन ओरडलो. "ओ! आलो रे, आलो!"

डावीकडून पुन्हा काही आलं नाही.

"डावीकडे घ्या! तिकडे आहे तो!" मी ओव्हीडला म्हटलं. ओव्हीडचा हात मोटरवर होता, तो हललाच नाही. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी शिव्या घातल्या, बोटीतून उडी मारायला निघालो, तसं अल्सेने माझा पट्टा धरून मला खाली बसवलं आणि तीन बोटं माझ्या नाकासमोर धरली.

"तुम्ही तीन म्हणालात," तो म्हणाला. "तुमच्या दोनच झाल्यात. आणि त्याची एक."

"माझा भाऊ आहे तो! मला आवाज कळत नाही?"

"तिसरी मारा. मग तुम्ही म्हणाल तिकडे नेतो."

तिसरी मी रागाने मारली. अल्सेवरचा राग, श्रीवरचा राग, स्वतःवरचा तर विचारूच नका. "श्री! अरे ए श्री!"

ठण. ठण. ठण.

पत्र्याचा आवाज. उजवीकडून, आणि बराच मागून. थांबला. मग पुन्हा तीनदा, ठण, ठण, ठण.

मी डावीकडे बघितलं. तिथे धुकं होतं आणि धुक्यात माझ्या भावाचा आवाज होता. उजवीकडे नुसता पत्रा. मी उजवीकडे बोट दाखवलं. ओव्हीडने इंजिन असं काही सुरू केलं की जणू केव्हाची त्याला तीच घाई होती. जाताना मी सारखा वळून बघत होतो. तो खरंच तिकडे असला आणि मी पाठ फिरवून निघालो असलो तर?

तिकडे कॅम्प म्हणतात तो तंबू नसतो. पाण्यात खांबांवर उभी केलेली खोली असते, शिकारी लोकांची. तशी एक जुनी, अर्धी कललेली खोली दिसली. दारात श्रीरंग बसला होता. अंगावर फाटकी ताडपत्री, हातात लोखंडी कांब, शेजारी पत्रा. ओठ काळेनिळे. मला बघून त्याने कांब खाली ठेवली, अगदी हळू, आणि तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. नुसती हवा.

मी त्याला मिठी मारली की थोबाडीत दिली ते मला नीट आठवत नाही. अल्से म्हणतो दोन्ही केलं.

त्याला ब्लँकेटात गुंडाळून बोटीत निजवलं तेव्हा एक गोष्ट घडली. अल्से पुढच्या टोकावरून उठला, मला ओलांडून ओव्हीडसमोर जाऊन उभा राहिला आणि त्याला फ्रेंचमध्ये दोन-तीन शब्द बोलला. ओव्हीडने मान हलवून नाही म्हटलं. अल्सेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि परत जागेवर गेला.

काठावर अॅम्ब्युलन्सची वाट बघताना मी ओव्हीडला गाठलं. "काय विचारलं त्यांनी?"

"ओ दिलीस का, म्हणून." ओव्हीडने टोपी काढली, पुन्हा घातली. "तेव्हाच डावीकडून मला माझंच नाव ऐकू आलं. अल्सेच्या आवाजात. आणि अल्से माझ्यासमोर बसलेला, तोंड मिटून. अकरा वर्षांत त्याने माझं नाव घेतलेलं नाही हो. मला किती वाटलं असेल ओ द्यावीशी, तुम्हाला काय सांगू."

मग त्याने माझ्याकडे बघितलं, आणि लगेच दुसरीकडे बघितलं. मी ओ दिलेली त्याने ऐकली होती.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाई म्हणाली, नशीबवान आहे. बोटांना लागलंय ते भरून येईल, आवाज आठवड्याभरात येईल, तोवर बोलायचं नाही. मी आईला फोन केला, सगळं पातळ करून सांगितलं, तरी ती रडायची ती रडलीच. रविवारी दुपारी श्रीला बसवलं, सूप दिलं. नर्सने लिहायला छोटा पांढरा बोर्ड दिला होता. दोन वर्षांनी माझा भाऊ माझ्याशी बोलणार, ते मार्करने!

त्याने पहिलं लिहिलं, "बारीक झालायस."

"तू बोलू नकोस," म्हटलं. "स्वतःचं तोंड बघ आरशात."

तो हसला. मग बराच वेळ लिहीत राहिला. बोटीतून उतरून अडकलेली दोरी सोडवताना तो पाण्यात पडला, बोट निघून गेली. झाडं धरत धरत कॅम्पपर्यंत पोचला. गुरुवारी संध्याकाळभर ओरडून ओरडून आवाज गेला. "मग हाका सुरू झाल्या," त्याने लिहिलं. "तुझ्या आवाजात. एकेकच."

"मी तेव्हा फ्रिस्कोत होतो रे."

"माहीत होतं. दोन वर्षांनी एकदम एवढं प्रेम कुठून येणार?"

"आणि सर्च टीमची माणसं? ती तर शुक्रवारी जवळून गेली."

"एकदाच हाक मारली त्यांनी. ती माणसं होती की ते, मला काय ठाऊक? पत्रा हातात धरून बसलो होतो. तिसरी येईना." त्याने बोर्ड पुसला. "काल तुझी आली. आधी एक, मग दोन. मग मध्येच थांबलास. का थांबलास?"

मी सूपचा वाडगा उचलून ठेवायला लागलो. श्रीने माझी बाही ओढली. बोर्डवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "तुला हाक आली?"

"कुणीतरी ओरडलं वाटतं तिकडून."

"ओ दिलीस?"

"छे! मी कशाला देतोय?"

मी लहानपणापासून त्याच्याशी खोटं बोलत आलोय आणि त्याने एकदाही फसल्याचं मला आठवत नाही. त्याने मार्करचं टोपण लावलं. मग सलाइनच्या हाताने माझं मनगट धरलं ते सोडेचना. मी म्हटलं, अरे, चहा आणतो, दोन मिनिटं. मान हलवून नाही. बाथरूमला जाऊ दे बाबा. तर सलाइनचा स्टँड ओढत दारापर्यंत आला आणि बाहेर उभा राहिला. नर्स हसली, म्हणाली, किती प्रेम भावा-भावांचं. मीही हसलो. पलंगावर त्याच्या शेजारी बसून मी त्याला अनिकाच्या शाळेचं सांगायला लागलो, यामिनीच्या नव्या नोकरीचं, मग बाबांचं. तो कट केलेला कॉलही सांगितला. म्हटलं, चुकलो रे श्री, मी यायला हवं होतं. त्याने मनगट घट्ट दाबलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या तर होतंच.

साडेतीन वाजले असतील. खोलीत स्वच्छ ऊन होतं. कॉरिडॉरमध्ये चाकांची खुर्ची गेली, कुणी डॉक्टर फोनवर बोलत गेला. मग सगळं एकदम शांत झालं, आणि दाराबाहेरून हाक आली.

"दाद्या!"

श्री माझ्यासमोर होता. त्याचे ओठ मिटलेले होते. त्याचे डोळे दाराकडे वळले तेव्हा मला कळलं की त्यानेही ऐकलंय. आणि मला सांगायला लाज वाटते, पण आतून असं काही उचंबळून आलं की उठावं, दार उघडावं, म्हणावं, आलो रे. एकदा ओ दिली की दुसरी आपोआप तोंडात येते. माझे पाय जमिनीला लागलेसुद्धा.

श्रीने मला मागे ओढलं आणि पट्टी बांधलेला पंजा माझ्या तोंडावर दाबून धरला. त्याला स्पिरिटचा वास येत होता. सुई निसटून त्याच्या मनगटावरून रक्त ओघळत होतं, नळी लोंबत होती, कसलंसं मशीन टीं टीं करायला लागलं. नर्स आली, काय चाललंय म्हणून ओरडली. त्याने हात काढला नाही.